नाव, चिठ्ठी आणि पारख

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले, की थोड्याच वेळात भोसरी लागते. एके काळी हे शेतकऱ्यांचे गाव होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. आज भोसरीत लहानमोठ्या वर्कशॉपांच्या रांगाच रांगा दिसतात. कोठे लेथवर शाफ्ट कातला जात असतो, कोठे दातेरी चाके तयार होत असतात, तर कोठे साचे घडत असतात.

अशा वर्कशॉपच्या दाराशी पोलादाचे बार घेऊन टेम्पो येतो. सगळे बार दिसावयास सारखेच. तसेच करडे, तसेच जड. परंतु त्यांचे गुण सारखे नसतात. ‘ईएन-८’ नावाचे पोलाद साध्या कामास चालते. ‘ईएन-२४’ नावाचे पोलाद त्याहून कणखर असते व जेथे मोठा ताण सोसावयाचा असेल तेथे ते वापरतात. एकाच्या जागी दुसरे वापरले, तर वस्तू दिसेल तशीच; परंतु भरधाव चालणाऱ्या गाडीत एखाद्या दिवशी शाफ्ट तुटेल आणि माणसांच्या जिवावर बेतेल.

मग आलेला बार कोणत्या पोलादाचा, हे कसे ओळखावे? त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, बारवर घातलेले नाव किंवा टोकाला लावलेला रंग. दुसरा, मालाबरोबर आलेला कागद, म्हणजे चलान. आणि तिसरा, प्रत्यक्ष पारख. जाणता कारागीर बारचे टोक फिरत्या ग्राइंडरच्या चाकाला लावून ठिणग्या पाहतो. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. ज्यात कार्बन अधिक, त्याच्या ठिणग्यांना फुलबाजीसारखे पुष्कळ फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस असतात. एवढ्यानेही समाधान न झाल्यास तुकडा प्रयोगशाळेत जातो. तोवर तो बार वेगळा ठेवतात. त्यास कोणी हात लावत नाही.

आता याच वर्कशॉपच्या कचेरीत जाऊ या. कोणता भाग किती मापाचा करावयाचा, याचे ड्रॉइंग पूर्वी कागदावर येई. आज ते इंटरनेटवरून फाइलच्या रूपाने येते. एका संगणकातून निघालेली फाइल दुसऱ्या संगणकात येऊन पोहोचते. जो संगणक मागणीप्रमाणे फाइल पाठवतो त्यास ‘सर्व्हर’ म्हणतात. आणि आपल्या संगणकातील अथवा मोबाइलमधील जो प्रोग्रॅम ती मागून घेतो व दाखवतो त्यास ‘ब्राउझर’ म्हणतात. येथेही प्रश्न तोच आहे: आलेली वस्तू कोणत्या जातीची?

हा प्रश्न का पडावा, असे तुम्हांस वाटेल. चित्र ते चित्र आणि लेख तो लेख! परंतु संगणकाच्या पोटात चित्रही नसते आणि लेखही नसतो. तेथे असतात केवळ संख्या. प्रत्येक फाइल म्हणजे ० ते २५५ यांमधील संख्यांची एक लांबच लांब ओळ असते. अशा एका संख्येला ‘बाइट’ म्हणतात. पाहा, २२४, १६४, १७३ या तीन संख्या घेऊ. लेख म्हणून वाचल्या, तर आज सर्वत्र रूढ असलेल्या पद्धतीप्रमाणे त्यांचे अक्षर होते ‘भ’. भोसरीतील पहिले अक्षर. याच तीन संख्या रंग म्हणून वाचल्या, म्हणजे तांबडा २२४, हिरवा १६४ आणि निळा १७३ असे प्रमाण धरले, तर एक फिकट गुलाबी ठिपका उमटतो. संख्या त्याच, परंतु वाचणाऱ्याने त्यांस काय समजावे, यावर सारा अर्थ अवलंबून! म्हणून फाइल उघडण्यापूर्वी तिची जात कळली पाहिजे. त्यासाठीही तीन साक्षीदार आहेत.

पहिला साक्षीदार म्हणजे फाइलचे नाव. नावाच्या शेवटी एक टिंब असते आणि टिंबापुढे दोनचार अक्षरे असतात. या अक्षरांना ‘एक्स्टेन्शन’ म्हणतात. व्याकरणातील शब्द घेऊन आपण त्यांस प्रत्यय म्हणू. ‘पीडीएफ’ हा प्रत्यय असेल तर छापील पानांसारखा मजकूर. ‘जेपीजी’ असेल तर छायाचित्र. ‘डीडब्ल्यूजी’ असेल तर अभियंत्याचे ड्रॉइंग. बालभारती ही पुण्यातील संस्था १९६७ पासून आपली पाठ्यपुस्तके तयार करते. ती पुस्तके आज इंटरनेटवरूनही मिळतात व त्यांच्या फाइलींच्या नावाशेवटी ‘पीडीएफ’ असते.

ही खूण सोयीची खरी. परंतु ती केवळ नावाची खूण आहे. बारच्या टोकाला कोणीही रंग लावू शकतो, तसेच फाइलचे नाव कोणीही बदलू शकतो. ड्रॉइंगच्या फाइलीला ‘जेपीजी’ असा प्रत्यय लावला, तर आतील एकही संख्या बदलत नाही; ड्रॉइंग हे ड्रॉइंगच राहते. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही.

या नावाच्या फसवणुकीचा मोठा अनुभव जगाने मे २००० मध्ये घेतला. फिलिपीन्स देशातून एक ई-पत्र निघाले. त्याबरोबर प्रेमपत्राच्या नावाची एक फाइल होती. त्या नावाला दोन प्रत्यय होते. पहिला साध्या लेखाचा, ‘टीएक्सटी’. आणि त्याच्यापुढे दुसरा, ‘व्हीबीएस’, म्हणजे संगणकाला हुकूम देणाऱ्या प्रोग्रॅमचा. त्या काळच्या पुष्कळ संगणकांत शेवटचा प्रत्यय लपवून ठेवण्याची रीत होती. त्यामुळे वाचणाऱ्यास केवळ निरुपद्रवी लेख दिसे. तो उघडताच आतील प्रोग्रॅम चालू होई, संगणकातील फाइलींची नासधूस करी आणि त्या माणसाच्या ओळखीच्या सर्वांना तसेच पत्र पाठवून देई. थोड्याच दिवसांत जगातील लाखो संगणकांना त्याची बाधा झाली.

दुसरा साक्षीदार म्हणजे पाठवणाऱ्याने बरोबर दिलेली चिठ्ठी. तिची कथा ई-पत्रांपासून सुरू होते. आरंभी ई-पत्रांतून केवळ इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे पाठवता येत. अशा एकूण १२८ खुणांचीच सोय होती. तेथे चित्राला जागा नव्हती, गाण्याला नव्हती, आणि आपल्या देवनागरीलाही नव्हती. अमेरिकेतील नॅथॅनिअल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड या दोघांनी यावर उपाय शोधला. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी एक पत्र पाठवले. त्यात ते व त्यांचे तीन सोबती यांच्या गायकमंडळीचे छायाचित्र होते आणि त्यांचे गाणेही होते. पुढे केव्हा तरी आपल्याला नातवंडे होतील, त्यांची छायाचित्रे पत्रातून मिळावीत, ही आपली इच्छा होती, असे त्यांनी नंतर सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये या दोघांनी आपले नियम प्रसिद्ध केले. पत्रातील प्रत्येक भागावर त्याच्या जातीची चिठ्ठी असावी, हा त्यांतील मुख्य नियम. चिठ्ठीत दोन शब्द: पहिला वर्गाचा, दुसरा पोटजातीचा. ‘टेक्स्ट’ म्हणजे लेख, ‘इमेज’ म्हणजे चित्र, ‘ऑडिओ’ म्हणजे ध्वनी, ‘व्हिडिओ’ म्हणजे चलच्चित्र, आणि या कोणत्याही वर्गात न बसणारे, एखाद्या विशिष्ट प्रोग्रॅमच्या उपयोगाचे ते ‘ॲप्लिकेशन’. त्यानुसार छायाचित्रावर ‘इमेज, जेपीईजी’ आणि पाठ्यपुस्तकावर ‘ॲप्लिकेशन, पीडीएफ’ अशी चिठ्ठी लागते.

याच सुमारास जिनीव्हा शहराजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी इंटरनेटवरील पानांचे जाळे, म्हणजे ‘वेब’, विणावयास घेतले होते. १९९१ मधील पहिल्या वेबमध्ये चिठ्ठी नव्हतीच; सर्व्हर एकाच जातीची पाने देई, मग चिठ्ठी हवी कशाला? परंतु चित्रे आली, ध्वनी आला, तेव्हा अडचण पडू लागली. तेव्हा वेबनेही पत्रांची ती युक्ती उचलली, आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत चिठ्ठीला रीतसर स्थान मिळाले. आज ब्राउझर ‘अमुक फाइल द्यावी’ अशी मागणी करतो, तेव्हा सर्व्हर फाइलीच्या आधी काही ओळी पाठवतो. फाइल सापडली की नाही, तिची जात कोणती, तिची लांबी किती, हे त्या ओळींत असते. जात सांगणाऱ्या ओळीस ‘कंटेंट-टाइप’ म्हणतात. फाइल तेथेच उघडून दाखवावी की जपून ठेवावी, आणि ठेवावयाची तर कोणत्या नावाने, हेही सर्व्हर दुसऱ्या एका ओळीत कळवू शकतो. एकाच संकेतस्थळावरील एक पुस्तक पडद्यावर उघडते आणि दुसरे सरळ ‘डाउनलोड’मध्ये जाऊन बसते, त्याचे कारण पुष्कळदा ही ओळ असते.

परंतु सर्व्हरला तरी फाइलीची जात कशी कळते? बहुधा तो फाइल उघडून पाहत नाही. त्याच्याजवळ एक तक्ता असतो. या प्रत्ययाला ही चिठ्ठी, त्या प्रत्ययाला ती चिठ्ठी, असे त्यात लिहिलेले असते. म्हणजे नाव चुकले असेल, तर चिठ्ठीही चुकते. आणि तक्त्यात नसलेला प्रत्यय आला तर? १९९५ पासून जगभर वापरात असलेला ‘अपाची’ नावाचा एक प्रसिद्ध सर्व्हर आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत अशी रीत होती, की जात ठाऊक नसलेल्या फाइलीवर ‘साधा लेख’ अशी चिठ्ठी लावावी. हेतू वाईट नव्हता. परंतु परिणाम विचित्र होई. चिठ्ठीवर विश्वास ठेवून ब्राउझर एखादे ड्रॉइंग लेख म्हणून उघडू लागे आणि पडदाभर अगम्य चिन्हांचा सडा पडे. ड्रॉइंग निर्दोष, ब्राउझर निर्दोष. चूक एका खोट्या चिठ्ठीची. २०१२ मध्ये अपाचीची नवी आवृत्ती आली, तीत ही रीत मोडण्यात आली. आता जात ठाऊक नसेल, तर अपाची आपल्या मनाने ती सांगत नाही.

अशा प्रसंगासाठी बोरेनस्टाइन व फ्रीड यांनी एक चिठ्ठी आधीच योजून ठेवली होती. तिचे नाव ‘ऑक्टेट-स्ट्रीम’. ‘हे काही बाइट आहेत, यापलीकडे मला सांगता येत नाही’, एवढाच तिचा अर्थ. ही चिठ्ठी पाहून ब्राउझर फाइल उघडण्याच्या भरीस पडत नाही. ती तशीच ठेवून देतो. मुलांनो, या लहानशा चिठ्ठीत एक मोठा प्रामाणिकपणा आहे. ठाऊक नसताना ठाऊक असल्याचे भासवण्यापेक्षा ‘मला ठाऊक नाही’ असे सांगणे केव्हाही श्रेयस्कर होय.

तिसरा साक्षीदार म्हणजे फाइलीतील आशय. पोलादाच्या ठिणग्यांवरून त्याची जात कळते, तशी फाइलीच्या पहिल्या काही बाइटांवरून तिची जात पुष्कळदा ओळखता येते. पीडीएफ फाइल टक्केवारीच्या चिन्हाने व त्यापुढील ‘पीडीएफ’ या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. जेपीजी छायाचित्राच्या आरंभी २५५, २१६, २५५ या संख्या असतात. डीडब्ल्यूजी ड्रॉइंगच्या आरंभी ‘एसी’ ही अक्षरे व चार अंक असतात. ‘एसी १०१५’ असेल तर २००० सालच्या पद्धतीचे आणि ‘एसी १०३२’ असेल तर २०१८ सालच्या पद्धतीचे ड्रॉइंग, हे जाणत्यास लगेच कळते. एकत्र बांधून लहान केलेल्या ‘झिप’ फाइलीच्या आरंभी ‘पीके’ ही अक्षरे असतात. ती पद्धत निर्माण करणाऱ्या फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे होत. आशय पाहून जात सांगणारा ‘फाइल’ नावाचा प्रोग्रॅम युनिक्स या संगणकप्रणालीत १९७३ पासून आहे.

‘पीएनजी’ या जातीच्या चित्रांचा आरंभ तर फार विचारपूर्वक योजलेला आहे. त्याचे पहिले आठ बाइट असे: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यांतील ८०, ७८ व ७१ ही ‘पीएनजी’ची तीन अक्षरे. १३७ ही संख्या मुद्दाम १२७ हून मोठी घेतली आहे. केवळ १२८ खुणाच ओळखणाऱ्या जुन्या मार्गाने चित्र गेले, तर ती बिघडते व बिघाड ताबडतोब कळतो. १३ व १० या लेखातील ओळ संपल्याच्या खुणा. वाटेत एखाद्या संगणकाने चित्रास लेख समजून ओळींची मांडणी बदलली, तर याच खुणा प्रथम बदलतात. अशा प्रकारे हे आठ बाइट चित्राची जात सांगतात आणि प्रवासात त्यास इजा झाली की काय, हेही सांगतात.

मग आशयावरच सारा भरवसा का ठेवू नये? कारण हा साक्षीदारही अपुरा पडतो. साध्या लेखाच्या आरंभी कोणतीच ठराविक खूण नसते. आणि ‘पीके’ ही अक्षरे केवळ झिप फाइलीच्या आरंभी नसतात. आजचे ‘वर्ड’मधील लेख, ‘एक्सेल’मधील हिशेब आणि अँड्रॉइड मोबाइलवर चढवावयाचे प्रोग्रॅम यांची बांधणी मुळात झिपचीच असल्यामुळे तेही ‘पीके’नेच सुरू होतात. पहिल्या दोन अक्षरांवरून हिशेबाचा कागद आणि प्रोग्रॅम यांतील भेद कळत नाही.

शिवाय अतिउत्साहाचाही धोका असतो. एके काळी काही ब्राउझर सर्व्हरची चिठ्ठी बाजूस सारून आपणच आशय हुंगून जात ठरवू लागले. चुकीच्या चिठ्ठ्या फार येत असल्यामुळे ही मदतच वाटे. परंतु दुष्ट माणसांनी तीतून वाट काढली. ते एखाद्या संकेतस्थळावर ‘छायाचित्र’ म्हणून फाइल ठेवीत आणि तिच्या आत वेबपानाचे हुकूम दडवीत. सर्व्हर चिठ्ठी लावी ‘चित्र’. ब्राउझर आत डोकावे, ‘हे तर वेबपान!’ असे ठरवी आणि ते हुकूम पाळी. यावर उपाय म्हणून २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने सर्व्हरची एक नवी सूचना मान्य करण्यास आरंभ केला: ‘माझ्या चिठ्ठीप्रमाणेच वागावे, स्वतः तर्क करू नये.’ पुढे इतर ब्राउझरांनीही ती स्वीकारली. ब्राउझरने तर्क केव्हा करावा आणि केव्हा करू नये, यासंबंधीचे नियम आता लिहून ठेवलेले आहेत.

यावरून काय दिसते? नाव बदलता येते, चिठ्ठी चुकू शकते, आणि पारखीलाही मर्यादा आहेत. कोणत्याही एका साक्षीवर निकाल देणे धोक्याचे. तिन्ही साक्षी जुळल्या, तर फाइल उघडण्यास हरकत नाही. त्या जुळल्या नाहीत, तर शंका फिटेपर्यंत ती बाजूस ठेवावी.

हा नियम केवळ संगणकासाठी नाही. तो आपल्यासाठीही आहे. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रातही एक फसवणूक फैलावली आहे. मोबाइलवर लग्नपत्रिकेच्या नावाची एक फाइल येते. कधी ती ओळखीच्या क्रमांकावरूनही येते, कारण त्या माणसाचा मोबाइल आधीच फसलेला असतो. लग्नाचे निमंत्रण कोण नाकारील? परंतु नावाच्या शेवटी पाहावे. पत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपात असते. येथे प्रत्यय असतो ‘एपीके’, म्हणजे अँड्रॉइड मोबाइलवर चढणाऱ्या प्रोग्रॅमचा. ती उघडू लागताच ‘हा प्रोग्रॅम अनोळखी ठिकाणाहून आला आहे, चढवू काय?’ असा इशारा मोबाइलही देतो. निमंत्रण वाचण्यासाठी मोबाइलवर काही चढवावे लागत नाही. येथे नाव पत्रिकेचे आणि वस्तू प्रोग्रॅमची. साक्षी जुळत नाहीत. जो घाईने ‘हो’ म्हणतो, त्याचे बँकेचे गुप्त संदेश चोरांच्या हाती पडतात आणि आयुष्याची पुंजी जाऊ शकते. असे झालेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे.

तुमच्या घरी आजी-आजोबांना किंवा आई-वडिलांना अशी फाइल आली, तर त्यांना थांबवण्याचे काम तुम्ही करू शकता. त्यासाठी मोठी विद्या लागत नाही. नाव शेवटपर्यंत वाचावे. ती कोणी व कशासाठी पाठवली, हे त्यासच फोन करून विचारावे. आणि यंत्राने दिलेला इशारा दुर्लक्षू नये. एवढ्या तीन गोष्टींना एक मिनिटही पुरेसे असते. आणि आपण स्वतः कोणाला फाइल पाठवू, तेव्हा तिचे नाव खरे असेल व ती कशाची आहे हे बरोबर लिहिलेले असेल, अशी काळजी घ्यावी. घेणाऱ्याने पारख करावी हे खरे; परंतु देणाऱ्याने खरी ओळख द्यावी, हे त्याहून आधीचे कर्तव्य होय.

स्वाध्याय

१. पोलादाचा बार ओळखण्याचे तीन मार्ग व फाइल ओळखण्याचे तीन मार्ग यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा.

२. २२४, १६४, १७३ या संख्यांच्या उदाहरणावरून काय सिद्ध होते?

३. ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ या चिठ्ठीस लेखकाने प्रामाणिक का म्हटले आहे?

४. पीएनजी चित्राच्या आरंभीचे आठ बाइट कोणती दोन कामे करतात?

५. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ या म्हणीचा अर्थ सांगा व पाठातील कोणत्या दोन प्रसंगांना ती लागू पडते ते लिहा.

६. घरातील मोठ्या माणसांच्या परवानगीने मोबाइलमधील पाच फाइलींची नावे पाहा. प्रत्येकीचा प्रत्यय व त्यावरून कळणारी जात यांचा तक्ता करा. कोणतीही अनोळखी फाइल उघडू नका.